इतिवृत्तात न आलेले सोमवार

आमच्या नगरपालिकेत दर सोमवारी साडेअकराला आढावा बैठक असते. पाणीपुरवठा, आरोग्य, बांधकाम, जन्म-मृत्यू... प्रत्येक विभागाने आठवड्यात काय केलं ते सांगायचं, मुख्याधिकारी साहेबांनी ऐकायचं आणि मी लिहायचं. मी सभा लिपिक. बैठकीचं इतिवृत्त लिहिणं गेली कित्येक वर्षं माझ्याकडेच आहे.

इतिवृत्ताची भाषा मोठी सोवळी असते हो. तासभर हसून हसून लोकांची मुरकुंडी वळलेली असली तरी कागदावर काय जातं? 'विषयावर सविस्तर चर्चा झाली.' बस! असं करता करता कपाटात इतिवृत्तांच्या फायली साठल्या आणि माझ्या डोक्यात त्या 'सविस्तर चर्चा'. फायलींना निदान वाळवी तरी लागते, ह्यांना तीही लागत नाही!

परवा केडगावला बहिणीकडे जेवायला गेले होते. एक किस्सा सांगितला, तर भाचरं मला ताटावरून उठू देईनात. म्हणून म्हटलं, आठवतील तसे लिहून काढावेत. आमच्या गावाचं नाव मात्र विचारू नका. जिल्हा आपलाच, नगर. कागदावर आता आम्ही अहिल्यानगर लिहितो. एसटी स्टँडवर अजून 'नगर, नगर'च ओरडतात.

*

आत्ताचे साहेब आले तेव्हा जेमतेम तिशीचे होते. हुशार, शांत, कुणावर आवाज न चढवणारे. पहिल्याच सोमवारी पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर रजेवर, म्हणून त्यांच्या जागी रंगनाथमामा आले. मामा आमचे सगळ्यात जुने वॉलमन, पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणारे. कुठल्या आळीला किती वाजता पाणी सोडायचं, कुठला वॉल किती फिरवायचा, सगळं त्यांच्या हातात. खुर्ची रिकामी असूनही मामा भिंतीला टेकून उभेच राहिले.

"पाणीपुरवठ्याचा अपडेट काय?" साहेबांनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, "मामा, पाण्याचं कसं काय चाललंय, विचारतायत."

"चाललंय की सायेब, बरं चाललंय."

"आठवड्यात तक्रारी किती आल्या?"

"एक."

"फक्त एक?" साहेब खूश झाले. "कुठली?"

"तुमच्या बंगल्यावरची. काल बाईसायबांनी सांगावा धाडला हुता, पानी आलं न्हाई म्हनून."

"मग?"

"मग काय सायेब, तुमचा नंबर आज दुपारी तीनला हाय. तुमाला आदी सोडलं तर खालची आळी तहानेली राहती."

 खरात साहेब, म्हणजे आमचे स्वच्छता निरीक्षक, टेबलाखाली काहीतरी शोधायला लागले. साहेबांनी मात्र शांतपणे मोबाईल काढला, घरी फोन लावला आणि म्हणाले, "अगं, तीनला येईल. भांडी रिकामी करून ठेव."

मी लिहिलं, 'पाणीपुरवठा नियमित असल्याचे सांगण्यात आले.'

*

ह्या खरात साहेबांचा जीव व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपने खाल्ला. वरून आदेश आला की कचऱ्याच्या प्रत्येक ठिकाणाचे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो दहाच्या आत ग्रुपवर पडले पाहिजेत. फोटोवर जागा आणि वेळ छापून येणारं अ‍ॅपसुद्धा सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाकून दिलं.

एका सोमवारी साहेबांनी ग्रुप उघडला. बाजारतळाचा 'नंतर'चा फोटो सकाळी सात दहाचा, सगळं लख्ख. 'आधी'चा फोटो साडेनऊचा, कचऱ्याचा ढीग!

"खरात, हे काय? तुम्ही कचरा उचलता की टाकता?"

 खरात साहेबांनी बाजारतळाच्या मुकादम सखूबाईंना बोलावून घेतलं. सखूबाई पदर खोचून सरळ आत आल्या.

"सायेब, आमचं काम साताला झाल्तं. आन नऊला खरात सायबांचा फोन आला, आदीचा फोटू कुठाय? आता कचरा तर गाडीत भरला हुता! मंग काय करावं? गाडी थांबवली, कचरा परत खाली ठिवला, फोटू काढला, परत उचलला."

साहेबांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"एका पगारात दोनदा उचलला सायेब. फोटू बरा आलाय न्हवं?"

त्या दिवसापासून 'आधी'चा फोटो बंद झाला. आमच्याकडे एक फोटो पुरतो.

*

एक छोटा सांगते. मोकाट जनावरं धरून ठेवायला आमचा कोंडवाडा आहे. मालक आला की जनावर सोडवून नेतो. एका गाईला मात्र कुणीच न्यायला आलं नाही. दर सोमवारी तेच अपडेट, 'कोंडवाड्यात जनावरे, एक.' साहेब दर सोमवारी म्हणायचे, "काहीतरी कारवाई करा."

दोन महिन्यांनी कोंडवाड्याचा शिपाई स्वतः उठून उभा राहिला. "सायेब, कोंडवाड्यात जनावरं दोन."

"वा! म्हणजे कारवाई केलीत!"

"आमी न्हाई केली सायेब. तिनंच केली!"

*

आता दुसऱ्यांना एवढी हसले, तर माझंही सांगायला हवं.

मध्ये माझा उजवा हात फ्रॅक्चर होता. पण इतिवृत्त थांबत नाही. कुणीतरी सांगितलं, मोबाईलवर बोलून टाईप करा. मला ते फारच आवडलं. मी खिडकीशी बसून बोलायचे आणि अक्षरं आपोआप उमटायची. एकदा वाचून बघायचा कंटाळा केला, तेवढाच! प्रिंट काढली, सह्या झाल्या, सगळ्या विभागांना प्रती गेल्या.

दुपारी खरात साहेब माझ्या टेबलाशी येऊन अगदी गंभीर चेहऱ्याने उभे राहिले.

"मॅडम, ठराव वाचला. अंमलबजावणी आमच्याच विभागाने करायची ना?"

"हो, अर्थात."

"मग यादी कुणी द्यायची?"

"कसली यादी?"

त्यांनी कागद पुढे केला. मी बोलले होते, 'शहरातील मोकाट कुत्र्यांची नसबंदी तातडीने करावी.' छापलं होतं, 'शहरातील मोकाट मित्रांची नसबंदी तातडीने करावी.'

खाली साहेबांची सही!

पुढचा महिनाभर कार्यालयात कुणी कुणाला 'मित्रा' म्हणून हाक मारली नाही.

*

तक्रारींचं ऑनलाईन सुरू झालं तेव्हाची गोष्ट. तक्रार आली की इतक्या दिवसांत ती 'निकाली' दिसली पाहिजे, असा दंडक. मग काय, काम होवो न होवो, बटण दाबलं की निकाली!

एक दिवस एक बाई कार्यालयात आल्या. पन्नाशीच्या, शिवणकाम करणाऱ्या, बोटाला अजून दोरा गुंडाळलेला. आरडाओरडा नाही, काही नाही. खरात साहेबांपुढे त्यांनी मोबाईल ठेवला. मेसेज होता, 'आपल्या घरासमोरील गटार साफ करण्यात आले असून तक्रार निकाली काढण्यात आली आहे.'

"भाऊ, हे तुमचंच ना?"

"हो, आमचंच."

"मग एक उपकार करा. मलाबी ह्या मोबाईलात राहायला पाठवा. तिथलं गटार साफ झालंय."

खरात साहेब एरवी कुणाला वाक्य पुरं करू देत नाहीत. त्या दिवशी ते बसल्या जागी लाल झाले. मग उठले, टोपी घातली आणि स्वतःच्या गाडीवरून त्या बाईंच्या मागे गेले. संध्याकाळी परतले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. गटारात एक अख्खी सतरंजी अडकली होती म्हणे!

तेव्हापासून ते एक करतात. निकाली लिहायच्या आधी तक्रारदाराला फोन लावतात आणि विचारतात, "झालं का खरंच?" त्यामुळे आमच्या प्रलंबित तक्रारींची यादी जिल्ह्यात सगळ्यात लांब दिसते. साहेबांना वरच्या बैठकीत त्यावरून बोलणी बसतात. पण त्यांनी खरातांना कधी फोन बंद करा म्हटलं नाही.

*

रंगनाथमामांच्या निवृत्तीला महिना राहिला, तेव्हा एका सोमवारी साहेबांना अचानक उमगलं की गावातल्या वॉलचा नकाशाच नाही! जुना होता तो कधीच फाटून गेला. गावात जमिनीखाली कुठे काय आहे, हे फक्त मामांच्या डोक्यात. मामा घरी गेले की गावाचं पाणी गेलं.

"मामा, नकाशा काढून द्या," साहेब म्हणाले.

मामांनी दोन दिवस खपून वहीच्या कागदावर काढून आणला. त्यावर लिहिलेलं होतं, 'पिठाच्या गिरणीच्या म्होरं', 'बाभळीच्या बुडाला', 'नाना सुताराच्या खाटंखाली'. गिरणी बंद पडून तिथे मोबाईलचं दुकान आलेलं. बाभूळ तुटलेली. नाना सुतार तर वारलेले!

साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "मामा, उद्या सकाळी सहाला. आपण दोघं चालत जाऊ."

चार सकाळी ते दोघं गावभर फिरले. मामा पुढे, साहेब मागे, हातात मोबाईल आणि पांढऱ्या रंगाचा डबा. मामा सांगतील तिथे साहेब स्वतः वाकून फुली मारायचे आणि मोबाईलवर जागा टिपून घ्यायचे. लोक दारात उभे राहून बघायचे, की एवढा मोठा साहेब रस्ता का रंगवतोय!

चौथ्या दिवशी अडलं. सगळ्यात जुना, पूर्वेच्या भागाचा मोठा वॉल सापडेना. त्यावरून नवा काँक्रीटचा रस्ता गेला होता. बांधकामवाले म्हणाले, इथे काही नव्हतं.  मामांनी लोखंडी गज मागवला, एक टोक रस्त्यावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. दोन पावलं पुढे गेले, पुन्हा ऐकलं. मग एक पाऊल डावीकडे.

"हितं."

"नक्की मामा? नवा रस्ता फोडायचाय."

"सायेब, पानी बोलतंय. तुमी ऐका."

साहेबांनी गज कानाला लावला. काय ऐकू आलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण रस्ता फोडायला सांगितला. तीन फुटांवर वॉल. जिथे गज टेकवला होता, अगदी तिथेच!

निरोप समारंभात हार झाले, शाल झाली, भाषणं झाली. साहेब म्हणाले, "मामा, आता तुम्ही दोन शब्द बोला." मामा माईकपुढे गेले.  समोर त्यांची बायको बसली होती, तिने पदर डोळ्यांना लावला. शेवटी मामा म्हणाले,

"पूर्वेच्या वॉलला साडेसात फेरं हायती. आठवा फिरवू नगा."

आणि खाली बसले.

*

शेवटचा सय्यदभाईंचा. सय्यदभाई जन्म-मृत्यू नोंदणीला. आवाज हळू, चष्मा नाकावर, आणि एक पक्का नियम: नोंदवहीत एकही रकाना कोरा राहता कामा नये आणि एकही रकाना खोटा भरता कामा नये. त्यांच्या खिडकीसमोरच माझं टेबल, म्हणून हे बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, बाकीचं त्यांनीच सांगितलं.

एका दुपारी एक जोडपं आलं, सोबत सात वर्षांची मुलगी. दोन शेंड्या, हातात पाटीची पिशवी. माणसं जामखेडकडची. आधी दरसाल ऊसतोडीला जायची, आता आमच्या गावातच राहून मिळेल ते काम करत होती, मुलीची शाळा बुडू नये म्हणून. शाळेने मुलीला बसू दिलं होतं, पण जन्माचा दाखला आणा म्हणून सांगितलं होतं.

"गावाकडच्या ग्रामपंचायतीत गेलात का?" सय्यदभाईंनी विचारलं.

"गेल्तो भाऊसायेब. ते म्हनले, हितं न्हाई जलमली. कारखान्याकडं गेलो, ते म्हनले, हितंबी न्हाई." बापाने मुलीला जवळ ओढलं. "ज्यो त्यो म्हनतो, आमच्यात न्हाई."

 आई हळूच म्हणाली, "मंग कुठं जलमली वो ही?"

सय्यदभाईंनी पेन उचललं. "जन्माचं ठिकाण सांगा."

"ट्रॅक्टरची ट्रॉली."

"ट्रॉली कुठं होती?"

"चालत हुती."

सय्यदभाईंनी पेन खाली ठेवलं. तीन चहा मागवले, मुलीला बिस्किटं. मग आईला म्हणाले, "बसा ताई. पहिल्यापासून सांगा."

तिने सांगितलं. दिवाळीनंतर टोळी उत्तरेकडच्या कारखान्याला निघाली होती. दिवस नुकता वर आला होता. ट्रॉलीत बोचकी, भांडी, शेळी, माणसं. कळा सुरू झाल्या. मुकादम म्हणाला, पुढे मोठं गाव आहे, तिथे दवाखाना आहे. पण पोरीला घाई. सासूने लुगड्याचा आडोसा धरला आणि पोरगी झाली. ड्रायव्हरने गाणी लावलेली, त्याला पत्ताच नाही! सासूने पितळेची थाळी ट्रॉलीच्या पत्र्यावर बडवली, तेव्हा कुठे गाडी थांबली. रस्त्याकडेला एक चहाची टपरी होती. टपरीवाल्या बाईने गरम पाणी दिलं. शेजारी पिवळी पाण्याची टाकी होती. एवढंच तिला आठवत होतं. जामखेडहून उत्तरेकडे जाणारा रस्ता आमच्याच गावातून जातो.

सय्यदभाईंनी आधी वह्या चाळल्या. त्या वर्षाच्या सगळ्या. नोंद नव्हती. मग रविवारी सुट्टीच्या दिवशी त्यांनी बापाला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि जामखेड रस्त्याला निघाले. पिवळ्या टाकीला आता निळा रंग होता, पण टाकी ती होती. शेजारी टपरी. चुलीपुढे एक म्हातारी, सुमनबाई.

सय्यदभाई सांगायला लागले, "मावशी, सात वर्षांपूर्वी ऊसतोडीची एक ट्रॉली..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हातारी उभी राहिली. "पोरगी झाल्ती ती? जिती हाय का रं ती?"

 बापाने मोबाईलवरचा फोटो पुढे केला. सुमनबाईंनी हात पदराला पुसले, मोबाईल घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

"माज्याच जर्मनच्या पातेल्यात पैली आंघोळ घातली हिला. मला लई दिस वाटायचं, जगली का न्हाई कोन जाने."

पण सय्यदभाईंचा रकाना अजून भरला नव्हता. आमची हद्द सुरू होते ती पाटी टपरीपासून चाळीसेक पावलांवर, जामखेडच्या अंगाला. मूल पाटीच्या बाहेर झालं असतं, तर नोंद आमची नव्हे. त्यांनी तेच विचारलं.

सुमनबाईंनी पाटीकडे बोट केलं. "ट्रॉली पाटीपाशी हुती तवा मी चूल फुकत हुते. गाण्याचा आवाज येत हुता, बाकी काय न्हाई. पाटी वलांडली आन मंग पोर रडलं. मी कानानं ऐकलंय. कुठंबी सांगन."

आणि त्यांनी सांगितलं. टपरी एक दिवस बंद ठेवून तहसीलला आल्या, प्रतिज्ञापत्रावर अंगठा दिला. वर्षाच्या वर उशीर झाला की नोंदीसाठी तिथून आदेश लागतो. आदेशाला वेळ लागला. दर सोमवारी बैठक संपताना साहेब विचारायचे, "सय्यदभाई, त्या मुलीचं कुठवर आलं?" आणि सय्यदभाई नकारार्थी मान हलवायचे. दर मंगळवारी ते तहसीलला जाऊन यायचे. आईबाप तर इतक्यांदा येऊन गेले, की शिपाई त्यांना विचारायचाच नाही, सरळ पाणी आणून द्यायचा. एकदा आई म्हणाली, "भाऊसायेब, न्हाई झालं तरी चालंल. तुमी लई केलं." सय्यदभाई म्हणाले, "रकाना कोरा राहत नाही, ताई."

शेवटी आदेश आला. सय्यदभाईंनी नोंद केली, दाखल्याची प्रिंट काढली, शिक्का मारला, सही घेतली. तिघंही आली होती. मुलीला नवा फ्रॉक. बापाने दाखला दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाला, "वाचा की भाऊसायेब. आमाला वाचता येत न्हाई."

सय्यदभाईंनी दाखला त्याच्या हातातून घेऊन मुलीपुढे धरला. "हिला येतं ना वाचायला. वाच बेटा."

ती बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागली. आधी स्वतःचं नाव. मग आईचं. मग बापाचं. मग जन्मदिनांक. मग जन्माचं ठिकाण, जामखेड रस्ता, आमच्या गावाचं नाव. मी टाईप करायची थांबले. खरात साहेब दारातून आत येत होते, तेही थांबले.

शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्यावर तिने मान वर केली, सगळ्या कार्यालयाकडे एकदा बघितलं, आणि केवढ्यांदा तरी ओरडली,

"आई, मी जलमले गं!"